विझलेला धुरा आणि फिरलेला वारा : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आगीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मार्चअखेरीस एका शेतकऱ्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवला. त्या आगीने दुपारी सागाची टेकडी धरली. संध्याकाळी वारा फिरला तशी ती गावाच्या खालच्या पुऱ्यात (वस्तीत) आली आणि गुरांचे तीन कोठे, सरपण-चाऱ्याच्या सात-आठ गंज्या आणि एका घराचं अर्धं छप्पर घेऊन गेली. माणूस दगावला नाही, जनावरंही वाचली, त्यामुळे पेपरात चार ओळींच्या वर काही आलं नाही. गावाचं किंवा कुणाचं नाव इथे देत नाही. तिथे सगळे एकमेकांचे सोयरे आहेत आणि प्रकरण अजून पुरतं निवलेलं नाही.

हे सविस्तर लिहायचं कारण एकच. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा, आहे. बांबूच्या कुडाची घरं, काहींवर अजूनही गवताचं छप्पर. तो जंगलाला अगदी खेटून आहे, तरी त्याला झळ लागली नाही. जळालं ते विटांच्या भिंतींचं, टिनाच्या छपरांचं, जंगलापासून लांब असलेलं गाव. आग विझल्यावर गावात सगळी चर्चा झाली ती पेटवली कुणी याची. मला ते फार कामाचं वाटलं नाही, कारण कुणी पेटवली हे पहिल्या तासापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

गाव, शेतं, टेकडी

गावाच्या दक्षिणेला शेतं. शेतांच्या पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेली टेकडी, आणि टेकडीच्या पूर्व पायथ्याशी पोड. गाव आणि शेतं यांच्यामध्ये नाला, पण तो दिवाळीनंतर आटतो. रान कापूस आणि तुरीचं; विहिरीला पाणी टिकतं त्यांचा गहू-हरभरा. टेकडी वनखात्याची. साग जास्त, मधूनमधून धावडा, तेंदू, पळस, मोह, आणि पायथ्याला रायमुनियाची (घाणेरीची) दाट जाळी.

साग फेब्रुवारीपासून पान टाकतो. त्याचं वाळलेलं पान सुपासारखं वळतं, त्यामुळे पानं एकमेकांवर चापून बसत नाहीत. थरात हवा खेळती राहते आणि काडी लागताच तो धडधडून पेटतो. आपल्याकडची जंगलाची आग शेंड्याला क्वचितच जाते. ती पाचोळ्यातून, गवतातून जमिनीवरून पळते. गुडघाभर, फार तर कमरेएवढी. पाहणाऱ्याला किरकोळ वाटते, आणि वारा पडलेला असेल तर ती खरोखरच किरकोळ असते. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं आणि त्याच्या आधी जाळरेषा स्वतःच जाळून घेतं, म्हणजे पुढे आलेल्या आगीला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही. या टेकडीवर माथ्याची जाळरेषा त्या वर्षी झाली होती, पण नंतर सागाने पुन्हा पान टाकलं होतं. झाड जाळरेषेच्या तारखा पाहून पान टाकत नाही.

शेतांतही एक बदल झाला आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पूर्वी गहू विळ्याने बुडातून कापत, काडाचं कुटार (भुसा) होऊन घरी येई आणि वावर उघडं पडे. आता हार्वेस्टर येतो, लोंब्या घेतो आणि वीतभर-दीडवीत उभं काड मागे ठेवून जातो. मार्चच्या उन्हात ते आठवड्याभरात खडखडीत होतं. म्हणजे जिथे आग पूर्वी अडायची, तिथेच आता ती पळते.

अकरा वाजता काय झालं

धुरा पेटवणं वऱ्हाडात चोरून करायची गोष्ट नाही. धुऱ्यावरचं कुंदा-हराळीचं गवत, बोरी, तरोटा हे सगळं पेरणीआधी काढायला मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची रोजी परवडत नाही. वाढलेल्या धुऱ्यात साप राहतो, उंदीर राहतात. गवत वाढलं की शेजारी हळूच धुरा कोरून आपल्या वावरात एक तास (नांगराची ओळ) वाढवून घेतो, हीही भीती असते. एका काडीत हे सगळे प्रश्न सुटतात. त्यामुळे पेटवू नका एवढंच सांगणाऱ्या फलकाकडे शेतकरी का पाहत नाही, हे समजायला अवघड नाही.

ज्यांनी पेटवला ते काका साठीच्या आसपासचे, गावात सांभाळून वागणारे म्हणून माहीत असलेले. ते सांगतात, “म्या पेटोला तवा झाडाचं पान हालत नोतं. विझोला, पाय देऊन पायला, मंगच घरी आलो.” यात खोटं काही नसावं. धुरा अकराच्या सुमारास पेटला, तासाभरात जळून गेला, राहिलेला जाळ त्यांनी डहाळीने झोडून विझवला. धुऱ्यावर एका जुन्या तोडलेल्या बाभळीचं ठूट होतं, आतून पोकळ. ते बाहेरून नुसतं काळं झालेलं दिसत होतं. मी ते नंतर पाहिलं तेव्हा आत जमिनीखाली हातभर खोल मुळापर्यंत जळून राख झालेली होती. बाभळीचा विस्तव कसा टिकतो हे चुलीपाशी बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आणि पान हलत नव्हतं, हेच फसवं होतं. उन्हाळ्यात सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वरच्या वाऱ्याला खाली येऊ देत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की खालची हवा वर उसळते आणि वरचा जोरकस वारा खाली उतरतो. म्हणून आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दहा-अकरापर्यंत सामसूम आणि दुपारी एकदम झोत, वावटळी. अकराला पेटवणारा माणूस शांत हवा पाहून पेटवतो, पण ती शांतता संपायला आलेली असते. हेच काम पहाटे सहाला झालं असतं तर ठुटाला धुमसायला आणि माणसाला ते पाहायला पाच तास मिळाले असते.

दुपार : टेकडी

अडीचच्या सुमारास पश्चिमेचा वारा आला. ठुटातल्या इंगळाने शेजारच्या वावरातलं गव्हाचं काड धरलं. तिथून पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट. पांदणीच्या दोन्ही अंगाला वाळलेलं गवत आणि रायमुनिया, म्हणजे आगीला पूलच. पांदण ओलांडायला तिला काही मिनिटंही लागली नाहीत, असं त्या वेळी बकऱ्या घेऊन असलेल्या पोराने सांगितलं. पुढे चढ. चढावर आग स्वतःहून वेग घेते, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे झुकलेल्या असतात आणि तो पेटायच्या आधीच वाळून तापतो. मागून वारा असेल तर मग तिच्या पुढे धावून उपयोग नाही.

वनरक्षक दोन हंगामी मजूर आणि एक ब्लोअर घेऊन पोचले, गावातून पंधरा-वीस पोरं आली. ब्लोअर हे यंत्र साधं आहे: पाचोळा उडवून पट्टा मोकळा करायचा, आग त्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरते. पण ते एक होतं आणि आगीची कड लांबत चालली होती. बाकीच्यांनी डहाळ्यांनी झोडपायला घेतलं, तर डहाळी मिळेना. मार्चमध्ये पळस फुलाने लाल, पान एक नाही, मोह उघडा, साग उघडा. हिरवी डहाळी फक्त नाल्याकाठच्या दोन-तीन जांभळांना, म्हणजे आगीपासून अर्ध्या किलोमीटरवर. काहींनी ओली पोती वापरली. विहिरीवर मोटर होती, पण वारा सुटल्यावर तारांच्या ठिणग्या पडतील म्हणून गावानेच फोन करून लाइन बंद करायला लावली होती. तो निर्णय बरोबर होता, आणि त्यामुळे पाणी नव्हतं. दोन्ही खरं.

चारनंतर वनरक्षकांनी सगळ्यांना चढावरून खाली बोलावलं. पोरांना ते रुचलं नाही; माथ्यावर आग आटोक्यात येतेय असं त्यांना दिसत होतं. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर जळून गेले, आणि तिथेही आग आवाक्यात येत असताना वाऱ्याने उचल खाल्ली होती. चढावर, आगीच्या वरच्या अंगाला माणूस असणं, हा यातला सगळ्यात वाईट ठिकाणी उभं राहण्याचा प्रकार. कायदा सांगतो की जंगलावर हक्क असणाऱ्या गावकऱ्याने आग विझवायला मदत केलीच पाहिजे. १९२७च्या वन अधिनियमाचं ते ७९वं कलम. कुठे उभं राहून मदत करायची, हे मात्र कुणीतरी दरवर्षी फेब्रुवारीत समजावून सांगावं लागतं.

संध्याकाळ : वारा फिरला

सहाच्या आधी दक्षिणेला ढग चढले. अवकाळीचे ढग आपल्याकडे पाऊस देतील न देतील, पण ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तो झोत दक्षिणेकडून आला. दुपारभर पश्चिमेच्या वाऱ्याने आग पूर्वेला पळत होती. तिचं तोंड टेकडीवर होतं आणि उत्तरेची कूस शेतांतून, पांदणीकडून हळूहळू धुमसत होती. त्या कुशीकडे कुणी पाहत नव्हतं, सगळे तोंडाकडे. दक्षिणेचा झोत आला आणि ती अख्खी लांब कूसच तोंड झाली, गावाकडे वळलेलं. पाऊस पडला तो चार थेंब.

आग स्वतः नाल्यापाशी अडली. कोरड्या पात्रातल्या रेतीत तिला काही सापडलं नाही. पलीकडे गेले ते इंगळ. पेटलेलं सागाचं पान, काडाचे तुकडे, रायमुनियाच्या काटक्या वाऱ्यावर नाला ओलांडून पुऱ्यावर पडत होत्या. टिनावर पडल्या त्या विझल्या. भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांत, पडल्या त्या राहिल्या.

पहिली गंजी पेटली ती एका आजींच्या कोठ्यामागची. पऱ्हाटीची गंजी, तिला लागून तुराट्या (तुरीच्या काड्या), त्यावर कुटार झाकलेली ताडपत्री. आत बैलजोडी बांधलेली. मुलगा टेकडीकडे गेलेला. आजी सांगतात, “दावं सुटेच ना बाप्पा. बैलानं ओढ देऊन देऊन गाठ करकचली होती. मंग इळा घेतला.” दावं कापल्यावरही बैल बाहेर निघेनात, जनावराला रोजची गव्हाण सुरक्षित वाटते. तेव्हा शेजारच्या वैनीने ओला लुगड्याचा पदर एकाच्या डोळ्यांवर टाकून त्याला ओढून काढलं, दुसरा मागे आला. त्यानंतर पाचेक मिनिटांत छप्पर बसलं.

तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब यायला तासाच्या वर वेळ लागला. तोवर गावाने जे वापरलं ते फवारणीचे पंप. कापूसवाल्या गावात घरटी एक पंप असतोच, पाठीवरचा, पंधरा-वीस लिटरचा, बॅटरीवर चालणारा. नळाच्या टाक्यांतलं पाणी भरून पोरांनी न पेटलेल्या गंज्यांच्या कडा आणि छपरांच्या वळचणी भिजवत ठेवल्या. पेटलेल्या गंजीवर पंपाचं काही चालत नाही. पण इंगळ पडतो तिथे ओल असली तर तो मरतो. चौथा कोठा वाचला तो यामुळे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

पोड का सुटला

पूर्व उतारावर आग उतरत होती. उतारावर ती मंद असते, आणि दक्षिणेचा झोत टेकडीच्या आडोशाला फारसा लागला नाही. हे नशीब म्हणता येईल. पण ती पोडापर्यंत येऊन थांबली ती नशिबाने नाही.

पोडाच्या वरच्या अंगाला मोहाची पंचवीस-तीस झाडं आहेत. मोहफूल पहाटे गळतं आणि वाळलेल्या पाचोळ्यात ते सापडत नाही, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात किंवा झाडतात. पोडातल्या लोकांनी पंधरवड्यापूर्वी काही झाडांखाली जाळलं होतं, काहींखाली खराट्याने झाडलं होतं. त्यामुळे घरांच्या वर काळ्या आणि मोकळ्या गोल जागांची माळ तयार होती. मधल्या फटी त्या रात्री बायका-पोरांनी खराट्यांनी झाडून जोडल्या. अंगणं रोजच्या सड्या-सारवणाने स्वच्छ, घराच्या भिंतीला सरपण नाही. कोलामांची सरपणाची रचण घरापासून थोडी दूर, मोकळ्यात असते. आग आली, काळ्या जागेशी थबकली, रात्रभर धुमसून संपली.

पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, यावर मोठं काही बोलले नाहीत. “मोहाखालचं आमी पहाटंच जाळतो. गारवा हाय तवर. उन्हं आली का हात लावत नाई.” वनरक्षकांना हे ऐकून घ्यायला जड गेलं, आणि त्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. राखीव जंगलात आग लावणं हा त्याच वन अधिनियमाच्या २६व्या कलमाखाली गुन्हा आहे. मोहाखालच्या आगीतूनही वणवे लागतात, आणि दरवर्षी जाळल्याने मोहाची रोपं जगत नाहीत. टेकडीवर थोराड मोह आहेत, पोरसवदा मोह शोधावा लागतो. झाडाखाली जाळी बांधून फूल झेलणं हा दोघांच्याही सोयीचा मार्ग आहे, आणि नुसतं झाडून घेणंही पुरतं, हे त्या रात्री झाडलेल्या फटींनीच दाखवलं.

तेंदूची गोष्ट मात्र वेगळी. नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून लावलेली आग झाडाखालच्या गोलापुरती नसते, ती अख्ख्या रानाला लावलेली असते, आणि मे महिन्यातल्या पानतोडीसाठी ती नेमकी वाऱ्याच्या दिवसांत लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. त्यामागे छाटणी आणि आग ही कारणं होती. सगळ्या गावांना ते परवडेल असं नाही. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. त्या पैशावर अनेक घरांची पेरणी उभी राहते.

भिंतीलगतचे पाच फूट

गावाचं नुकसान जंगलाने केलं नाही, पऱ्हाटीने केलं. कृषी खातं कधीचं सांगतंय की वेचणी संपल्यावर पऱ्हाटी धुऱ्यावर किंवा घराजवळ साठवू नका, तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते. पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर हातात रोख लागते आणि पऱ्हाटी फुकट आहे. चूल पावसाळ्यात चालवायची तर ती कोरडी हवी, म्हणून वळचणीखाली, भिंतीला टेकून.

नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ अख्खं जळालं, ८५ माणसं गेली. ती आग वीजवाहिनीतून लागली आणि जोराच्या वाऱ्याने गावात घुसली. तिथे घराभोवती १०० फूट झाडोरा साफ ठेवायचा कायदा आहे, आणि त्यातले भिंतीलगतचे पहिले पाच फूट सगळ्यात मोलाचे धरतात, कारण घरं बहुधा ज्वाळेने नाही, उडत आलेल्या इंगळाने पेटतात. आपल्या गावठाणात १०० फुटांत चार घरं बसतात, तेव्हा ती गोष्ट सोडा. पण पाच फूट? खालच्या पुऱ्यात ज्या भिंतींना पऱ्हाटी टेकलेली नव्हती, त्यांतली एकही जळाली नाही. मी प्रत्येक भिंत पाहिली.

पंचनामा आणि पुढे

उपग्रहाचा इशारा रात्री उशिरा आला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे आगीचे संदेश ज्या उपग्रहांवर चालतात, त्यांतले महत्त्वाचे दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात. दुपारच्या फेरीत ठूट नुसतं धुमसत होतं, ते वरून दिसण्यासारखं नव्हतं. पुढची फेरी आली तोवर कोठ्यांची राख झाली होती. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांक गावात कुणाला पाठ नव्हता. वनरक्षकांना त्यांच्या मोबाइलवरच कळवलं गेलं, आणि ते जास्त लवकर झालं.

वनगुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदला गेला. तलाठ्याने पंचनामा केला. आपत्ती मदतीच्या निकषांत आग येते. २०२२ ते २०२६ साठीच्या दरांत घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत. त्यात टिनंही पुरत नाहीत. काकांनी आजींकडे दोन ट्रॉली कुटार टाकलं, न बोलता, पहाटे. आजींनी ते ठेवून घेतलं. मुलाने अजून काकांशी बोलणं सुरू केलेलं नाही.

ग्रामसभेत ठरलं ते असं: धुरा पेटवायचा तर सूर्य उगवायच्या सुमाराला, शेजाऱ्याला आणि पोलीस पाटलाला सांगून, भरलेले दोन पंप जवळ ठेवून, आणि दुपारी बारा वाजता पुन्हा जाऊन ठूट, शेणाचे पो आणि मुळं हाताने चाचपून पाहायची. हे बऱ्यापैकी पाळलं जातंय, कारण त्याला पैसा लागत नाही. पऱ्हाटीचं तसं नाही. ज्यांचे कोठे गेले त्यांनी गंज्या नाल्याकाठी नेल्या, आणि आता बायकांना रोज दोनदा तिकडे भारा आणायला जावं लागतं. कुटार चोरीला जातं ते वेगळंच. बाकीच्या पुऱ्यात पऱ्हाटी पुन्हा भिंतीला टेकली आहे. पंचायतीने सामाईक गंज्यांसाठी गावाबाहेरच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीचा तुकडा मागितला आहे, पण त्या जमिनीवर चौघांचं अतिक्रमण आहे आणि त्यांतला एक जण पंचायतीतच बसतो. अर्ज तहसीलमध्ये आहे.